पेटी माझी, पार त्यांची: लाखनीजवळच्या एका तलावावर दोन दिवस

शनिवारी सकाळी सहाला आम्ही नागपूर सोडलं ते एका डब्यासाठी. हिरवा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा. आत एक वही, एक पेन्सिल आणि चार किरकोळ वस्तू. तीन वर्षांपूर्वी मी तो लाखनीजवळच्या एका तलावावर लपवला होता. अकरा जणांनी तो शोधून काढला आणि मग गेल्या दोन महिन्यांत लागोपाठ तिघांनी कळवलं की डबा जागेवर नाही. जिओकॅशिंग या खेळाच्या संकेतस्थळावरच्या तपासनिसाची नोटीस आली: महिनाअखेरपर्यंत मालकिणीने स्वतः जाऊन पाहावं, नाहीतर ही नोंद कायमची बंद. माझ्या माहितीत भंडारा जिल्ह्यातली ती एकुलती एक पेटी आणि माझं माहेर लाखनीचं. म्हणजे प्रश्न नाकाचा होता.

"एका डब्यासाठी दोनशे किलोमीटर," सुधीर म्हणाला. सुधीर म्हणजे माझा नवरा. "भांड्याच्या दुकानात तसले वीस मिळतील." असं म्हणूनही गाडी त्यानेच काढली आणि टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवली होती, हे नमूद करते.

ज्यांना जिओकॅशिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी एक डबा लपवतं (आम्ही त्याला पेटी म्हणतो) आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतं. बाकीचे मोबाइल घेऊन तिथे पोचतात. मोबाइल पाच-दहा पावलांपर्यंत नेतो, पुढचं आपल्या डोळ्यांनी शोधायचं. सापडली की वहीत नाव आणि तारीख लिहायची. आतली वस्तू उचलली तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची, खायचं काही ठेवायचं नाही, आणि पेटी होती तशी, होती तिथे परत. खोदायचं नाही, तोडायचं नाही, जागा कोणाला सांगायची नाही. नाही सापडली तर तसं प्रामाणिकपणे नोंदवायचं. त्या नोंदीपुढे एक निळा रडका चेहरा उमटतो. आणि आजूबाजूच्या लोकांच्या लक्षात येऊ द्यायचं नाही. खेळाबाहेरच्या माणसांसाठी आमच्यात एक चेष्टेचं टोपणनाव आहे. मी ते सहा वर्षं बिनदिक्कत वापरलं. या प्रवासानंतर सोडलं.

याच रीतीप्रमाणे मी इथे गावाचं नाव देणार नाही. शोधायला जाणाऱ्याचा आनंद मी का घालवू?

नागपूरहून मौद्यापर्यंत रस्ता मोकळा होता. स्वतःची गाडी नसेल तर रेल्वेने यावं, फक्त एक लक्षात ठेवा: भंडारा रोड नावाचं स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. तिथून शहरात यायला ऑटो मिळतात. सकाळी कारखान्याची पाळी बदलायच्या वेळेला वरठीचा रस्ता कामावर निघालेल्या सायकलींनी आणि मोटरसायकलींनी भरलेला असतो, तेव्हा घाई करू नये. आम्ही भंडारा ओलांडून वैनगंगेच्या पुलावर आलो. पावसाळा नुकताच सरला होता आणि नदी दोन्ही काठांना लागून वाहत होती. पलीकडे कारध्याला थांबून आलूबोंडा खाल्ला, वर तर्री ओतलेला. दोघांचं चहासकट शंभराच्या आत झालं. तिखट जपून, लाखनीच्या मुलीलाही डोळ्यांतलं पाणी पुसावं लागलं.

टपरीवाल्याने विचारलं, "कुठं जाऊन राहिले जी?"

"लाखनीकडे. तलाव पाहायला," मी म्हणाले. हे आमचं ठरलेलं उत्तर.

"तलाव काय पाहाचा? आमच्याकडं गावोगाव तलाव आहे," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बोलण्यात तक्रार होती, पण चेहरा चांगलाच फुललेला होता.

लाखनीपर्यंत ट्रकांची साथ सुटत नाही. माझ्या वडिलांचं याच रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे आता भाऊ मोबाइलचं सामान विकतो आणि रात्री आम्ही त्याच्याच घरी मुक्काम केला. (तुम्हाला मुक्काम करायचा असेल तर भंडाऱ्यात किंवा साकोलीला लॉज बघा.) लाखनीच्या थोडं पुढे डावी-उजवीकडे, कुठे ते सांगत नाही, आत वळलं की महामार्गाचा आवाज एकदम बंद होतो. सात किलोमीटर बऱ्यापैकी डांबर, शेवटचे दोन नावालाच. दोन्ही बाजूंना धान लोंबीवर आलेलं. हा शेवटच्या पाण्याचा हंगाम. या दिवसांत धानाला एक पाणी मिळालं तर दाणा भरतो, हुकलं तर पोचट राहतो. इतकं मलाही माहीत होतं. तलावाशी त्याचा संबंध मी जोडला नव्हता, एवढाच माझा घोटाळा.

अकराच्या सुमारास पारीवर चढलो. पार म्हणजे तलावाचा मातीचा बांध. आमच्याकडे हाच शब्द. एका अंगाला पाणी आणि कमळं, दुसऱ्या अंगाला खाली धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. पाण्याकडच्या उतारावर दगड बसवलेले आहेत आणि माझी पेटी त्यांपैकी एका सैल दगडामागच्या पोकळीत होती. ही जागा सुचली तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते. दगडाला कोण हात लावतं?

दगड काढला. पोकळी रिकामी. मला वाटलं जागा चुकली, म्हणून शेजारचा काढला. मग त्याच्या खालचा. सुधीर वरून मोबाइल बघून सांगत होता, "अजून दोन पावलं डावीकडे," आणि मी दगड काढत होते. सहावा काढला तेव्हा वरून आवाज आला.

"ओ बाई, पारीचे गोटे काहून हालवून राहिल्या?"

पासष्टीच्या आसपासचे एक गृहस्थ पारीवर उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर फावडं, आवाज चढलेला नव्हता. यांचं नाव देवाजी. गावाने तलावाची राखण यांच्यावर सोपवली आहे. पावसाळाभर रोज सकाळी पारीवरून चालत जायचं, कुठे पाणी झिरपतंय का पाहायचं, आणि धानाला लागलं की कोणाच्या बांधीला कधी पाणी द्यायचं ते ठरलेल्या पाळीने सोडायचं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी माझ्या हातात सहावा दगड होता आणि तोंडात ठरलेलं उत्तर.

"तलाव पाहायला आलो, काका."

"तलाव वरून दिसते. गोट्याखाली काय पाहून राहिल्या?"

सुधीर दुसरीकडे बघायला लागला. मी दगड खाली ठेवला आणि सरळ सांगितलं, "काका, माझा डबा होता इथं. हिरवा."

"असं," ते म्हणाले. "मंग तुमीच होय त्या. डबा माझ्या घरी आहे. पहिले इकडं या."

त्यांनी मला पारीवरून चालत नेलं आणि तीन जागा दाखवल्या. पहिलीत दहा-बारा दगड उपसून कसेबसे परत टाकलेले. दुसरीत तेच. तिसरीत दगडांच्या जागी वाळूने भरलेली पोती रचली होती. "इथं लाटाईनं माती खाल्ली, हात जाये एवढी," ते म्हणाले. "सहा मानसं दिवसभर लागली. मी गोटे जमवून राहिलो अन् तुमचे लोकं येऊन उपटून राहिले. लोकाईले वाटे, गुप्तधनवाले होय."

"कधी झालं हे?" सुधीरने विचारलं. देवाजीकाकांनी दिवस सांगितले: एक पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, एक गणपती बसले त्या आठवड्यात, एक नवरात्रात. मी मोबाइल काढून पाहिला. तीन निळे रडके चेहरे, त्याच तीन दिवसांचे. देवाजीकाकांनी पेटी पोळ्याच्या आधीच, सैल दगड तपासताना, उचलून नेली होती. नंतर आलेल्यांना ती सापडणं शक्यच नव्हतं. सापडत नाही म्हणून ते अधिकाधिक दगड काढत गेले. अगदी मी आत्ता काढले तसे.

मी शाळेत भूगोल शिकवते. सातवीला जमिनीची धूप फळ्यावर आकृती काढून समजावते. एक दगड सैल झाला की मागची माती जाते, मग शेजारचा सैल होतो, हे मी मुलांकडून पाठ करून घेते. त्या पोत्यांपुढे उभी राहून मला भयंकर लाज वाटली. आणि तरी तोंडातून निघालं काय, तर, "काका, पण पेटी तर माझी होती, न विचारता नेली तुम्ही."

"तुमची पेटी, मान्य," देवाजीकाका म्हणाले. "पन पार आमची होय. पेटी ठेवाच्या आंधी तुमी कोनाले विचारलं?"

कोणालाच नाही. पेटीची नोंद करताना संकेतस्थळावर एक प्रश्न असतो: जागेची देखभाल करणाऱ्यांची परवानगी घेतली आहे का? त्यापुढे मी 'हो' अशी खूण केली होती. माझा तालुका, माझं माहेर, मी कोणाला विचारायचं? खेळाचे सगळे नियम मी इतरांना शिकवते. नागपुरात नवीन लोकांना पहिल्या शोधाला नेते ती मीच. आणि पहिलाच नियम माझ्याच पेटीला मी लावला नव्हता. तसंच सांगितलं त्यांना. त्यांनी मान हलवली आणि घरी चला म्हणाले.

घरी त्यांच्या पत्नी, शेवंताकाकू, अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. माहेर कुठलं हे आधी विचारून घेतलं. "लाखनीची पोरगी, अन् तुले पारीचा गोटा समजत नाई?" एवढं बोलून त्यांनी आतून डबा आणला. फडक्यात गुंडाळलेला, कोरडा ठणठणीत. "मी म्हनलं होतं, पोलिसात द्या. मंग उघडला. लिंबू नाई, कुकू नाई, बाहुली नाई. वही निंगाली. वहीले कोन भेते?"

वही कोणीतरी वाचून दाखवावी असं त्यांना तेव्हापासून वाटत होतं, कारण बरंचसं इंग्रजीत होतं. मी अंगणात बसून अकराही नोंदी मराठीत वाचल्या. चेन्नईच्या एका बाईंनी लिहिलं होतं की कमळांमधून चालणारी जांभळी पाणकोंबडी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इथे पाहिली. पुण्याच्या एका मुलाने लिहिलं होतं की इतकं पाणी माणसांनी फावड्या-टोपल्यांनी अडवलंय यावर त्याचा विश्वास बसत नाही. एक नोंद मराठीत होती, वरठीला बदलून आलेल्या एका फिटरची: 'सुट्टीच्या दिवशी सायकलने आलो. चार वर्षं या जिल्ह्यात राहतो, पण हे पाहिलं नव्हतं. कमाल आहे.' शेजारच्या दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. देवाजीकाकांनी 'कमाल आहे' पुन्हा वाचायला लावलं.

"म्हनजे तलाव पाहालेच येऊन राहिले होते," ते शेवटी म्हणाले.

मी म्हणाले, "काका, मी डबा घेऊन जाते. बंद करते." मनापासून म्हणाले.

"ते मंग पाहू. उद्या सकाळी या. पहिले गोटे बसवा."

रविवारी सातला आम्ही दोघंही हजर. सुधीरने डोक्याला दुपट्टा बांधला होता. तासाभरात त्याचे भूगोलाच्या मास्तरणीवरचे विनोद संपले, कारण दम लागत होता. दगड बसवणं म्हणजे ठेवणं नव्हे. देवाजीकाका प्रत्येक दगड हातात फिरवून बघत. लांब अंग पारीच्या पोटात, चपटं तोंड पाण्याकडे, मग बाजूच्या फटीत दगडाच्या चिपा ठोकायच्या, मग वर उभं राहून हलतो का बघायचं. मी बसवलेले पहिले चार त्यांनी सरळ काढून टाकले. पाचव्यावर उभे राहिले, तो हलला नाही, तेव्हा म्हणाले, "हां. आता लाखनीची दिसून राहिली." मला शाळेत आदर्श शिक्षकाची शाल मिळाली तेव्हा इतकं बरं वाटलं नव्हतं.

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वाळल्या झिंग्यांची चटणी होती. पैसे विचारायची हिंमत केली नाही, तुम्हीही करू नका. जेवण झाल्यावर देवाजीकाका उठले आणि डबा काखेत मारून म्हणाले, "चला, याले जागा पाहू."

मी सहा वर्षं पेट्या लपवते आहे. त्या दुपारी मी फक्त मागे चालले. मला आवडलेली एक जागा त्यांनी लगेच उडवली: "इथं साप राहाते." दुसरीला मी अगदी टाळी वाजवायच्या बेतात होते, तर म्हणाले, "इथून बाया आंघोळीले उतरते. परके मानसं इथं डोकावून राहिले तं बरं दिसत नाई." हे अक्षांश-रेखांशात कुठे दिसतं? तिसरी जागा त्यांच्या स्वतःच्या मालकीची. पारीपासून लांब, तलाव पूर्ण दिसतो, कशालाही धक्का न लावता हात पोचतो. डबा आत सरकवून ते दहा पावलं मागे गेले, वाकून पाहिलं, परत आले आणि एक फांदी जराशी इकडे ओढली. "आता पाहा," म्हणाले. ठेवताना मी स्वतः बघितलं होतं, तरी मला दिसेना.

जागा इतकी लांब बदलली की जुनी नोंद चालत नाही, नवी करावी लागते. म्हणजे जी वाचवायला आले होते ती पेटी मी त्याच रात्री भावाच्या घरी बसून स्वतःच बंद केली. कारणही लिहिलं, काही न लपवता: मी परवानगी घेतली नव्हती, मी निवडलेल्या जागेमुळे एका गावाच्या तलावाची पार खचली, चूक शोधणाऱ्यांची नव्हे, माझी. बटण दाबताना जिवावर आलं. जुनी वही देवाजीकाकांकडे ठेवली. नव्या नोंदीत परवानगीच्या प्रश्नापुढे यावेळी देवाजीकाकांचं नाव लिहिलं (ते फक्त तपासनिसाला दिसतं) आणि पानावर त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं: गावात आल्यावर आधी राम राम घाला. पेटी पारीवर नाही. पारीचा दगड हलवू नका, त्यामागे आमचं धान आहे.

सोमवारी पहाटे निघालो आणि पहिल्या तासाला मी वर्गावर होते. सहाव्या तासानंतर मोबाइल पाहिला तर बंद केलेल्या पेटीखाली नोंदी येत होत्या. तिन्ही निळ्या चेहऱ्यांच्या मालकांनी माफी मागितली होती. एकाने लिहिलं, मी नऊ दगड काढले होते, मला मोजून आठवतात. वरठीचा तो फिटर पुढच्या रविवारी सायकलने गेला आणि बसवलेल्या दगडांचे फोटो टाकले. मला कोणीही शिव्या दिल्या नाहीत. या खेळातली माणसं अशी आहेत आणि मी त्यांच्यातली आहे, याचा मला अभिमान आहे.

सुधीर अजून त्याला डबाच म्हणतो. पण हल्ली कुठल्याही दगडी बांधावरून चालताना पायाने दाबून बघतो आणि मान हलवतो. मी नागपुरातल्या नव्या लोकांना आता अक्षांश-रेखांश शेवटी शिकवते. आधी जागा कोणाची ते विचारून या म्हणते. दोघांना ते फार कंटाळवाणं वाटलं आणि ते आले नाहीत. चालायचंच.

गेल्या रविवारी संध्याकाळी देवाजीकाकांचा फोन आला.

"बाई, रायपूरचे दोघं आले होते. नवराबायको. राम राम घातला, पारीवर फिरले, गोट्याले हात नाई लावला."

"पेटी सापडली त्यांना?"

"दीड तास धुंडलं. मले पुसलं, काका, इथं डबा कुठं आहे का. मी म्हनलं, कोनता डबा जी?" मागून शेवंताकाकूंचं हसणं ऐकू आलं. "चाहा पाजला, पानी पाजलं. हिनं बी सांगतलं नाई, मीबी सांगतलं नाई. सापडली मंग त्याईले, दिवस बुडता बुडता."

मी संकेतस्थळ उघडलं. रायपूरच्या बाईंची लांबलचक नोंद आली होती: तलाव, कमळं, चहा, सगळं. शेवटी त्यांनी मालकिणीचं कौतुक केलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, पेटी इतकी बेमालूम लपवली आहे की अख्ख्या गावात कोणालाही तिचा पत्ता नाही.